संशय कोणावर?

फेब्रुवारी २०२५ मध्ये संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा कोल्हापुरातल्या चित्रपटगृहांबाहेर जत्रा भरावी तशी गर्दी उसळली. भगवे फेटे बांधलेली पोरं, मोटारसायकलींच्या रांगा, पडदा उजळण्याआधी उभ्यानं म्हटलेली शिवगर्जना. शेवटच्या छळाच्या दृश्यांनी प्रेक्षक हमसून रडले, हे सगळीकडे छापून आलं. त्याआधीच्या एका प्रसंगाबद्दल मात्र कमी लिहिलं गेलं. राजा नेमका कुठं आहे, ही बातमी शत्रूच्या हाती पडते तो हा प्रसंग. त्या घटकेला प्रेक्षागृहाचा सगळा संताप औरंगजेबावर नसतो, बातमी देणाऱ्या घरच्या माणसावर असतो. हा संताप पडद्यापुरता राहिलाही नाही. गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली, अब्रुनुकसानीच्या दाव्याचा इशारा दिला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. १६८९ साली कोणी कोणाला खबर दिली, यावरून २०२५ साली वकिलांची भाषा सुरू झाली.

संपादकांनी यंदा हेरकथांचा विषय दिला, तेव्हा सगळ्यांत आधी हीच घटना डोळ्यांपुढे आली. हेरकथा म्हटलं की लोक नायकाकडे बघतात, पण नायक फारसा बदलत नाही. तो कोणत्याही काळात धाडसी असतो, वेश पालटतो, तोंड उघडत नाही आणि बहुतेकदा एकटा असतो. बदलतो तो संशय. गोष्टीत कोणावर नजर ठेवली जाते, दाराआड कान लावून कोण उभं असतं, चिठ्ठी कोणाच्या बंडीत सापडते, याची उत्तरं पिढीगणिक वेगळी येतात आणि त्यांतून त्या पिढीचं राजकारण तिच्या अग्रलेखांपेक्षा उघडपणे बोलतं. हे तपासायला कोल्हापूरसारखी जागा नाही. इथं गड आहेत, मराठी सिनेमाचा पाया इथं घातला गेला, घराघरांतून पोरं फौजेत जातात आणि वाचनालयं जुनी आहेत. हेराच्या गोष्टीला लागणारं सगळं एका जिल्ह्यात सापडतं.

तोरण, निशाण आणि कात्री

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात ‘प्रभात’ कंपनी सुरू झाली. पुण्याला जाण्याआधीच्या त्या चार वर्षांत तिनं काढलेल्या मूकपटांपैकी एकाचं नाव होतं ‘स्वराज्यतोरण’. व्ही. शांतारामांनी, म्हणजे शांतारामबापूंनी, स्वतः शिवाजी महाराजांची भूमिका केली होती. मुंबईच्या सेन्सॉरला ते नाव सोसलं नाही. ‘स्वराज्य’ काढा, गडावर निशाण फडकवण्याचा प्रसंग कापा, असा हुकूम आला आणि १९३० साली चित्रपट ‘उदयकाल’ या नावानं लोकांसमोर गेला. वर्ष मिठाच्या सत्याग्रहाचं होतं. सतराव्या शतकातला तोरणा आणि विसाव्या शतकातलं स्वराज्य यांतलं नातं प्रेक्षकाला कळणारच, हे परक्या अधिकाऱ्यानं अचूक हेरलं होतं. ‘सिनेमा म्हणजे नुसती करमणूक, त्यात राजकारण कशाला शोधायचं’ असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी या कात्रीची आठवण देतो. सरकारी कात्री करमणुकीवर उगाच चालत नाही.

पुढं १९४३ मध्ये भालजी पेंढारकरांनी ‘बहिर्जी नाईक’ काढला. बहिर्जी म्हणजे मराठी मनातला पहिला हेर. सभासद बखरीत तो बहिर्जी जाधव म्हणून येतो. सुरत मारली तर अगणित द्रव्य सापडेल, ही खबर त्यानं आणली असं बखर सांगते आणि जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर स्वारी होते. यापलीकडे कागदोपत्री फार थोडं आहे. वासुदेव, गोंधळी, फकीर, कोळी अशी त्याची सोंगं लोकांनी रचली. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या बाणूरगडावर त्याची समाधी दाखवतात आणि लोक श्रद्धेनं तिथं जातात. कागद थोडा आणि आठवण मोठी असली की प्रत्येक काळाला आपलं म्हणणं त्या माणसाच्या तोंडी घालता येतं.

१९४३ चं म्हणणं काय असेल, हे त्या वेळच्या परिसरावरून ओळखता येतं. चले जाव चळवळ भूमिगत झाली होती. डिसेंबर १९४२ मध्ये गारगोटीच्या कचेरीवर हल्ला करताना कार्यकर्ते हुतात्मा झाले. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, ज्यात आजच्या सांगलीचा बराच भाग होता, नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं. भूमिगत माणसं नाव आणि वेश बदलून शेतवस्त्यांवर राहत होती, बायका भाकरीच्या दुरडीतून निरोप पोचवत होत्या आणि पोलिसांना बातमी देणाऱ्याला गाव क्षमा करत नव्हतं. अशा मुलखातल्या प्रेक्षकापुढं वेशांतर केलेला स्वराज्याचा जासूद आला, तर त्याला तो इतिहासातला कसा वाटावा? त्याच्या लेखी बहिर्जी भूमिगत होता आणि संशय सरकारच्या खबऱ्यावर होता. सत्ता परकी, म्हणून तिच्यासाठी कान देणारा नीच आणि तिच्याविरुद्ध कान देणारा थोर, अशी सरळ वाटणी होती.

ही वाटणी किती नाजूक असते ते पाच वर्षांत दिसलं. गांधीजींच्या खुनानंतर, जानेवारी १९४८ च्या अखेरीस, महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि धंद्यांवर हल्ले झाले. भालजींचा जयप्रभा स्टुडिओही जळाला. ‘मीठ भाकर’ चित्रपट आगीत गेला आणि त्यांना तो पुन्हा नव्यानं काढावा लागला. भालजींची राजकीय मतं हिंदुत्ववादी होती, त्यांनी ती लपवली नाहीत. पण स्टुडिओ मतांची चौकशी करून जाळला गेला नव्हता. एका माणसाच्या गुन्ह्याचा संशय अख्ख्या जातीवर पसरला होता. स्वराज्याच्या हेराचा चित्रपट काढणाऱ्या माणसाच्या दारात तो असा आला.

भाड्यानं मिळणारा कॅप्टन

स्वातंत्र्यानंतर हेर वाचनालयाच्या फळीवर आला. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं. पण रहस्यकथेचं खरं राज्य होतं गल्लीबोळांतल्या खासगी लायब्रऱ्यांमध्ये. रोजच्या भाड्यावर पुस्तक न्यायचं, तपकिरी कागदाचं कव्हर फाटलेलं, मागच्या वाचकानं शेवटच्या पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड ही त्यांची माणसं कायद्याच्या कडेनं चालणारी, कधी पलीकडे जाणारी होती. स्वातंत्र्याच्या आगेमागे रेशन, टंचाई आणि काळाबाजार भोगलेल्या वाचकाला अशा नायकाचं आकर्षण का वाटलं, याचं कोडं पडायला नको. गुन्हेगार शहरातलाच, बहुतेकदा प्रतिष्ठितांपैकी असे. देशाचा शत्रू अजून गोष्टीत आला नव्हता.

तो आणला १९६२ नं. चीनपुढच्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हा घरोघर पोचलं. चव्हाण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले, म्हणून इथं त्याला आणखी जवळीक होती. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी नावाचं गाव आहे. नावातच गावाचा पेशा आहे. पलीकडे बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. १९६५ आणि १९७१ ची युद्धं या पट्ट्यात तार घेऊन येणाऱ्या पोस्टमनच्या रूपानं पोचली. १९६२ आणि १९६५ मध्ये गुप्तवार्ता कमी पडल्याचा निष्कर्ष दिल्लीत निघाला आणि सप्टेंबर १९६८ मध्ये रामेश्वरनाथ काव यांच्या हाताखाली ‘रॉ’ ही परदेशांतल्या हेरगिरीसाठी वेगळी संस्था स्थापन झाली.

याच सुमारास रहस्यकथेच्या नायकाच्या नावाआधी हुद्दा लागू लागला. गुरुनाथ नाईकांनीही हजारावर पुस्तकं लिहिली आणि त्यांच्या नायकांत कॅप्टन दीप आहे, मेजर अविनाश भोसले आहे. हिंदी पडद्यावर १९६७ च्या ‘फर्ज’मध्ये जितेंद्र एजंट ११६ झाला, १९६८ च्या ‘आँखें’मध्ये धर्मेंद्र देशोदेशी फिरला. या गोष्टींतला शत्रू चमत्कारिक असे. त्याचं तळघर असे, लाल दिव्यांची यंत्रं असत, पण देशाला अनेकदा नाव नसे. ‘एक शत्रुराष्ट्र’ एवढ्यावर काम भागे. सरकारी धोरण अलिप्ततेचं, शेजाऱ्याचं नाव घेतलं तर सेन्सॉरची धास्ती आणि वाचकाला नाव न सांगताही समजत होतं. संशय सीमेपलीकडून आलेल्या परक्यावर होता. आतला कोणी फुटला, तर तो पैशाच्या किंवा बाईच्या मोहानं फुटलेला एकटा माणूस असे. त्याचं घराणं, जात, धर्म त्याच्यासोबत आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहत नसे. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

इथं नेहमीची हरकत येते. हे सगळं बाँडचं अनुकरण होतं. ‘डॉक्टर नो’ १९६२ मध्ये पडद्यावर आला, आपल्याकडे त्याच्या नकला झाल्या, त्यात इथल्या राजकारणाचं प्रतिबिंब कसलं पाहायचं? नकला झाल्या यात वाद नाही. पण नक्कल करणारा काय सोडतो ते पाहावं. बाँडची बेफिकिरी, त्याचं मद्य, त्याचं बायकांशी वागणं मराठी कॅप्टनला जसंच्या तसं पचलं नाही. त्याला आईचा आशीर्वाद आणि वरिष्ठांचा धाक लागला. बाँडच्या मागं साम्राज्य गमावलेलं ब्रिटन होतं आणि जगात अजून आपलं चालतं हे स्वतःला सांगण्याची त्याला गरज होती. मराठी कॅप्टनच्या मागं पराभवानं दुखावलेला, नुकता स्वतंत्र झालेला देश होता. साचा उसना असला तरी त्यात ओतलेली भीती घरचीच होती.

कोरी राहिलेली पानं

१९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात देशातली गुप्तचर यंत्रणा देशातल्याच विरोधकांवर वापरली गेली. शहा आयोगानं त्याची नोंद केली. फोन ऐकले जाणं, पत्रं फोडली जाणं, मित्र खबऱ्या निघणं हे हेरकथेला आयतं मिळालेलं द्रव्य. लोकप्रिय मराठी रहस्यकथेनं त्याकडे जवळपास पाठच फिरवली. कॅप्टन परदेशी टोळ्यांच्या मागं धावत राहिला. नजर ठेवणारी सत्ता दिसली ती नाटकात, तीही आणीबाणीच्या आधी. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये विजय तेंडुलकरांनी पेशवाईतल्या पुण्याच्या निमित्तानं दाखवलं, की कोतवालाला अमर्याद अधिकार दिले की सगळं शहर संशयित होतं आणि काम संपल्यावर कोतवालही बळी जातो. त्या नाटकावर गदारोळ झाला तो ब्राह्मणांच्या आणि नाना फडणवीसांच्या चित्रणावरून. पाळतीचा मुद्दा वादात मागं पडला. आपल्या सरकारवर संशय घेणारी हेरकथा लोकप्रिय मराठीत मूळ धरू शकली नाही. ज्या भाषेत लोकशाहीर तख्ताला सरळ प्रश्न विचारत आले, तिथं हे व्हावं याचं मला अजून वाईट वाटतं.

नव्वदच्या दशकात लायब्रऱ्या ओसरल्या आणि १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनी शत्रूला नाव दिलं. १९९९ च्या ‘सरफरोश’मध्ये आयएसआयचा उल्लेख थेट झाला आणि गझल गाणारा पाहुणा हस्तक निघाला. त्याच चित्रपटात एक मुसलमान पोलीस अधिकारी आपल्यावरच्या संशयाबद्दल कळवळून बोलतो, हेही आठवायला हवं. संशय घरात शिरत होता, पण त्याला अडवणारा माणूस अजून पटकथेत होता.

साठ माणसं आणि एक नवा शब्द

पन्हाळ्याच्या तीन दरवाजाजवळ उभं राहिलं की खालची उतरण पाहून छाती दडपते. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद निवडक साठ माणसं घेऊन रात्री हा गड चढला, वर जाऊन शिंगं फुंकली आणि किती फौज आली याचा अंदाज न आल्यानं गोंधळलेली आदिलशाही शिबंदी मोडली. जयराम पिंड्ये या समकालीन कवीनं या प्रकरणावर ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे संस्कृत काव्य लिहिलं. म्हणजे ही कथा साडेतीनशे वर्षं उपलब्ध होती आणि ज्या शहरानं मराठी ऐतिहासिक चित्रपट घडवला त्याच्यापासून वीसेक किलोमीटरवर घडलेली होती. दिग्पाल लांजेकरांचा ‘फर्जंद’ आला २०१८ मध्ये. त्यात प्रसाद ओकनं बहिर्जी साकारला आणि मृण्मयी देशपांडेनं केसर नावाची हेर. पुढच्या वर्षी लाल महालावरच्या छाप्याचा ‘फत्तेशिकस्त’ आला. बहिर्जी नाईक आता एका चित्रपटापुरता नव्हता, मालिकेतलं कायमचं पात्र झाला होता.

मधल्या काळात काय घडलं होतं? सप्टेंबर २०१६ मध्ये नियंत्रणरेषेपलीकडे लष्करी कारवाई झाली, तिला ‘सर्जिकल स्ट्राइक’ म्हटलं गेलं आणि जानेवारी २०१९ मध्ये ‘उरी’नं तो शब्द गावोगाव नेला. ‘फत्तेशिकस्त’ची जाहिरात झाली ती भारतातला पहिला सर्जिकल स्ट्राइक म्हणूनच. ऐतिहासिक चित्रपट इतिहासाला बांधील असतात, त्यांचा आजच्या राजकारणाशी संबंध लावू नये, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसं व्हावं. छापा १६६३ चा असला तरी तो कोणता शब्द लावून विकला जाईल, हे तिकीट काढणाऱ्याच्या सालावर ठरतं. शांतारामबापूंना १९३० मध्ये आजचा शब्द काढावा लागला, २०१९ च्या निर्मात्यांनी आजचा शब्द हौसेनं घातला. एवढा काळ गेला आणि सत्तेशी नातं उलटं झालं.

या चित्रपटांची बाजूही मांडली पाहिजे. त्यांनी तान्हाजी-बाजींच्या पलीकडची नावं मुलांपर्यंत नेली. लढाई नुसत्या तलवारीनं होत नाही. वाटा माहीत असाव्या लागतात, पहारे कधी बदलतात ते कळावं लागतं, बाजारात धान्य किती आलं यावरून गडावरच्या शिबंदीचा हिशेब करावा लागतो, हे त्यांतून कळतं. बहिर्जीसारख्या माणसाच्या हाती रयत नसती तर हे काम झालंच नसतं. गुराखी, कोळी, फिरस्ते यांच्याकडे वाटांचं आणि बातमीचं ज्ञान होतं, दरबाराकडे नव्हतं. ‘फर्जंद’मध्ये बाई हेर आहे, हेही चांगलंच. त्याच २०१८ मध्ये आलेल्या ‘राझी’तली सेहमत तर पाकिस्तानी घरात सून म्हणून राहते आणि ज्यांना फसवते ती माणसं तिला प्रेमळ भेटतात, देशाचं काम फत्ते होतं आणि ती मनानं मोडते. हिंदीत हे होऊ शकलं, कोट्यवधींनी ते पाहिलं, तेव्हा प्रेक्षकाला गुंतागुंत नको असते ही सबब चालणार नाही.

हरकारा आणि फितूर

आता पुन्हा ‘छावा’तल्या त्या खबरीकडे, म्हणजे संभाजी महाराज पकडले गेले त्या संगमेश्वरकडे वळू. ‘छावा’ ज्या कादंबरीवर आधारला, तिचे लेखक शिवाजी सावंत आजऱ्याचे आणि कोल्हापुरात शिक्षक होते. कादंबरी आली १९७९ मध्ये. संभाजी महाराजांना पकडणारा मुकर्रबखानही कोल्हापूरच्याच मुलखातून निघाला होता. औरंगजेबानं त्याला पन्हाळा घेण्यासाठी पाठवलं होतं. महाराज संगमेश्वरी आहेत अशी खबर मिळताच तो निवडक घोडदळ घेऊन सह्याद्रीचा अवघड घाट उतरला आणि फेब्रुवारी १६८९ मध्ये अनपेक्षितपणे तिथं थडकला. ‘मासिर-इ-आलमगिरी’ या मोगल ग्रंथात शिर्क्यांशी आलेल्या वितुष्टाचा उल्लेख आहे, पण मुकर्रबखानाला खबर पोचवली ती त्याच्या हरकाऱ्यांनी, म्हणजे हेरांनी, असं तो सांगतो. मोगल इतिहासकार आपल्या बाजूची बढाई मारणारच, हे धरूनही एक गोष्ट उरते. शत्रूकडे चांगले हेर होते आणि त्यांनी आपलं काम चोख केलं, ही शक्यता आपल्या कादंबऱ्या आणि चित्रपट विचारातच घेत नाहीत. बहिर्जीचं कौशल्य आपल्याला पटतं, कारण तो आपला. मुकर्रबखानाच्या हरकाऱ्यात तसंच कौशल्य असू शकतं हे मान्य केलं, तर आपला पराभव शत्रूच्या हुशारीनं झाला असं म्हणावं लागतं. ते जड जातं. त्याऐवजी घरातला फितूर उभा केला की पराभवही आपलाच राहतो.

शिर्क्यांवरच्या आरोपाबद्दल इतिहासाच्या अभ्यासकांत वाद आहेत आणि ते सोडवायचं ठिकाण हा लेख नव्हे. मला दिसतं ते एवढं, की आजच्या कथेतला फितूर एकटा नसतो. साठ-सत्तरच्या दशकातल्या पुस्तकांत फुटलेला कारकून फक्त स्वतः फुटे. आता त्याच्या नावाबरोबर आडनाव येतं, आडनावाबरोबर वंशज येतात, आणि काही वेळा अख्खा समाज. ७ जून २०२३ रोजी कोल्हापुरात मोबाइलवरच्या काही आक्षेपार्ह स्टेटसवरून बंद झाला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट तोडावं लागलं. ते कोणत्या चित्रपटामुळे झालं असं मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही आणि त्याची कारणं राजकारणात शोधावी लागतील. पण शेजाऱ्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये शत्रू दडला आहे असं वाटायला लागणं आणि पडद्यावरच्या हेरकथेत संशय सीमेवरून माजघरात येणं, या दोन गोष्टी एकाच दशकातल्या आहेत. शाहू महाराजांच्या शहरात हे घडलं, याची बोच कमी होत नाही.

आणि पन्हाळ्याचा इतिहास या सोप्या वाटणीला साथ देत नाही. १६६० मध्ये गडाला वेढा घालून बसला होता सिद्दी जौहर. तो वेढा बाहेरून फोडायला नेताजी पालकरासोबत शिवाजी महाराजांकडून गेला सिद्दी हिलाल, आणि त्या झुंजीत त्याचा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला. दोन्ही बाजूंना सिद्दी होते. आडनावावरून बाजू ओळखायची म्हटलं तर पटकथा पहिल्याच प्रसंगात अडेल.

अमात्यांचा संशय

सत्तेनं संशय घ्यावाच लागतो, हे खरं. राज्य भोळेपणावर चालत नाही. प्रश्न असा, की संशय कशावरून घ्यायचा. याचं एक उत्तर कोल्हापूरच्या गादीनंच लिहून ठेवलं आहे. पन्हाळ्यावर १७१४ मध्ये घरातलाच उलथापालथीचा डाव झाला. ताराबाई आणि त्यांचे पुत्र कैदेत पडले, राजसबाईंचे पुत्र दुसरे संभाजी गादीवर आले. लगेच १७१५ मध्ये त्यांच्या नावानं रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ सिद्ध केलं. आप्तांनी आप्तांना कैद केल्यावर लिहिलेला हा ग्रंथ. त्यात फितुरांच्या यादीची अपेक्षा करावी. तिथं आहे ती व्यवस्था. गडाचा कारभार एका हाती ठेवू नये, अधिकारी विभागावेत, ठरावीक मुदतीनं त्यांच्या बदल्या कराव्यात. वतनदार कसे वागतात हे त्यांच्या हितसंबंधांवरून ओळखावं. टोपीकर, म्हणजे युरोपीय, सावकारी करायला आलेले दिसले तरी त्यांच्या मागं राजे आहेत आणि त्यांना भूमीचा लोभ आहे, म्हणून त्यांना किनाऱ्यावर पक्की जागा देऊ नये. प्लासीच्या बेचाळीस वर्षं आधीचं हे लेखन. यातला संशय माणूस कोणत्या जागी बसला आहे आणि त्याला काय मिळवायचं आहे, यावर टिकलेला आहे.

मराठी वाचकाला हेरगिरीचं असं थंड डोक्याचं वर्णन नको असतं, असंही नाही. रवि आमले यांचं ‘रॉ’वरचं मराठी पुस्तक २०१८ मध्ये आलं आणि आवडीनं वाचलं गेलं. कोल्हापुरातून वाढलेल्या मेहता पब्लिशिंग हाउसनं इंग्रजी थरारकादंबऱ्यांचे अनुवाद घरोघर पोचवले. आणि कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणानं हा विषय करमणुकीचा उरलाच नाही. सातारा जिल्ह्यात मुळं असलेल्या कुटुंबातला हा निवृत्त नौदल अधिकारी हेर आहे असं पाकिस्ताननं मार्च २०१६ मध्ये जाहीर केलं, लष्करी न्यायालयानं २०१७ मध्ये फाशी सुनावली. ते इराणमध्ये व्यवसाय करत होते आणि तिथून त्यांना पळवलं गेलं, असं भारत सांगतो. जुलै २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं त्यांना वकिलातीशी संपर्क नाकारल्याबद्दल पाकिस्तानला दोषी धरलं आणि शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं. एवढं होऊनही ते परतलेले नाहीत. पडद्यावरचा एजंट अडीच तासांत घरी येतो. खऱ्या आयुष्यात आरोप, इन्कार, नोटिसा आणि काचेआडची भेट यांत वर्षं जातात, आणि ज्याच्यावर हेर असल्याचा शिक्का बसतो त्याच्या आईनं काय सोसलं, यावर मराठी कादंबरी अजून बेतली जायची आहे.

सामग्रीची वाण कोल्हापूरच्या लेखकाला नाही. १६६० च्या त्या वेढ्यात राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीला आला होता आणि इंग्रजांचं निशाण लावून पन्हाळ्यावर मारा करत होता. कंपनी वरकरणी व्यापारी, तटस्थ. पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर लुटलं आणि वखारीतल्या इंग्रजांना कैदेत टाकलं. कैदेतून त्यांनी सुटकेसाठी सुरतेला पत्रं धाडली. सुरतेच्या वरिष्ठांनी उलट टपाली त्यांना सुनावलं, की तुम्ही कंपनीचा माल राखताना पकडले गेलेला नाहीत, पन्हाळ्यावर आपलं निशाण लावून गोळे टाकायला गेलात म्हणून आत आहात, आणि त्याचं कारण तुम्हाला चांगलं ठाऊक आहे.